कुलपाच्या भरवशावर घर सोडू नका!

पोखर्णी आणि परिसरातील ग्रामस्थांना, दुकानदारांना कळकळीचे आवाहन



नृसिंह जयंती तोंडावर आली आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला गावात भाविकांची गर्दी होईल आणि आपली घरेच्या घरे देवळाकडे असतील. लग्नसराईत कित्येक दारे दोन-दोन दिवस बंद राहतील. उकाड्यामुळे रात्री सगळे गच्चीवर झोपतील आणि खाली राखणीला उरेल फक्त कुलूप. ते कुलूप चोराला खरोखर अडवते का, हे आजच तपासा.

बाजारात मिळणारे कोणतेही कुलूप चोराला कायमचे अडवत नाही. ते फक्त त्याचा वेळ खाते. लंडनमध्ये १८५१ साली जागतिक प्रदर्शन भरले होते. तेव्हा हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत किल्लीशिवाय उघडले. १७९० पासून सगळ्यांना आव्हान देत असलेले ब्रामा कंपनीचे कुलूपही त्याने उघडले. त्याला मात्र १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. दोन्ही कुलपे उघडली, पण दुसऱ्यापुढे कोणताही चोर थांबला नसता. चांगल्या कुलपाची किंमत आहे ती या वेळेची.

हल्ली दारात बसवतात त्या लॅचच्या बहुतेक कुलपांत स्प्रिंगने दाबलेल्या पिना असतात. किल्लीने त्या नेमक्या उंचीवर आल्या की कुलूप फिरते. सराईत हात बारीक हत्याराने एकेक पिन उचलून तेच साधतो. दुसरी रीत ठोक्याची. खास कापलेली किल्ली घालून ठोका दिला की पिना क्षणभर उसळतात आणि कुलूप फिरते. याला ‘बंपिंग’ म्हणतात. नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने २००६ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा महागडी कुलपेही या ठोक्याला बळी पडली. लिव्हरच्या कुलपांत अशा उसळणाऱ्या पिना नसतात, म्हणून ती या रीतीने उघडत नाहीत. पण कसबी हातापुढे तीही अभेद्य नाहीत.

तरीही आपल्या भागातला मोठा धोका वेगळाच आहे. घरफोडीच्या बातम्या आठवा. ‘कडीकोयंडा तोडून’ हेच शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. कुलूप शाबूत राहते आणि लाकडात बसवलेले चार स्क्रू उपटून येतात. म्हणून गावाबाहेर पडण्याआधी एवढे कराच:

१. कोयंडा आरपार बोल्टने बसवा आणि नट आतल्या बाजूने आवळा. लोखंडी दाराला तो वेल्डिंगने पक्का करा. चौकट पोखरलेली असेल तर आधी ती बदला.

२. कुलूप घेताना त्याचा दांडा जाड, कडक पोलादाचा आणि बाहेर कमीत कमी दिसणारा बघून घ्या. त्याच बनावटीच्या दुसऱ्या कुलपाची किल्ली दुकानातच लावून पाहा. लागली, तर ते कुलूप घेऊ नका.

३. मागच्या दाराला आतून अडसर घाला. रात्री घरात असताना पुढच्या दारालाही घाला. अडसराला किल्लीचे भोकच नसते, त्यामुळे बाहेरून त्यात हत्यार घालता येत नाही.

४. कापूस-सोयाबीनचे पैसे आणि दागिने घरात ठेवू नका. ते बँकेत ठेवा.

५. किल्ली कोनाड्यात, चौकटीवर किंवा पायरीखाली ठेवू नका.

६. यात्रेचे, लग्नाचे फोटो परतल्यावरच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाका.

७. शेजाऱ्याला सांगून जा. अंगणात सडा पडू द्या, संध्याकाळी दिवा लागू द्या. दोन दिवस न झाडलेले अंगणच घर रिकामे असल्याचे सांगते. ऊसतोडीला महिनोन्‌महिने गेलेल्या कुटुंबांच्या घरांकडे तर सर्वांनीच लक्ष ठेवावे.

दुकानदारांनी आणखी एक गोष्ट आजच पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालानुसार, घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची अट असेल, तर तसे सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. सफाईने उघडलेल्या कुलपावर तोडफोडीची खूण सहसा उरत नाही. म्हणून आपल्या पॉलिसीत साध्या चोरीचाही समावेश आहे का, हे विमा प्रतिनिधीला स्पष्ट विचारा.

चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता ११२ वर फोन करा. कुलूप, कोयंडा जसा आहे तसाच राहू द्या. पोलिसांना ठसे तिथेच मिळतात. राहत्या घरातील चोरी असो वा देवळातील मूर्तीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि एक हात जोडून विनंती. अनोळखी माणूस दिसला म्हणून त्याच्यावर हात उचलू नका. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी निव्वळ अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. संशय आला तर पोलीस पाटलांना कळवा. न्याय करणे जमावाचे काम नाही.

कुलूप चोराला थोडा वेळ रोखेल. तेवढ्या वेळात तिकडे कुणाची तरी नजर जायला हवी. ती नजर आपल्यालाच ठेवायची आहे. आज संध्याकाळी आपल्या दाराचा कोयंडा ओढून पाहा. हलला, तर उद्या सकाळीच सुतार किंवा वेल्डिंगवाल्याला बोलवा. जयंतीपर्यंत थांबू नका.