वस्तऱ्याचा परवाना

निफाडच्या पेठेत दाढीला बसलो की आपण मान निर्धास्तपणे मागे टाकतो. हा विश्वास कोणत्या कागदावर उभा आहे? कोणत्याच नाही! बँकेत असताना सलूनसाठी आलेले कर्जाचे अर्ज मी तपासत असे. खुर्ची, आरसा, भाडेपावती, जामीनदार सारे पाहिले. वस्तरा स्वच्छ कसा ठेवता, हे कधी विचारले नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १८९७ मध्येच या व्यवसायाला परवाना लावला. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीतूनही मोकळे केले. नुसती सूचना पुरते.

मग परवाना आणावा? मला धास्ती वाटते. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराने प्रमाणपत्रासाठी किती खेटे घालायचे? पण रक्त लागलेल्या पात्यातून ‘ब’ प्रकारची कावीळ पसरू शकते, हेही खरेच.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाकारले. आपला वस्तरा काय करणार नाही, हे त्यांनीच ठरवले. तसाच आजचा नियम असावा : प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याच्या डोळ्यांदेखत, नवे पाते. नगरपंचायतीने त्याचे शिक्षण मोफत द्यावे आणि अधूनमधून दुकानात डोकावावे.

आणि आपण? पात्याचे दोन रुपये जास्त पडले तर कुरकुरू नये. मान आपलीच असते!