गृहदक्षता : भिंतीआडची नळी

आपल्यांपैकीं पुष्कळ घरांतील मुलगा किंवा मुलगी आज अमेरिकेंत संसार करीत आहे. आणि लेकीसुनांच्या बाळंतपणासाठीं तिकडे जाणाऱ्या वडील स्त्रियाही थोड्या नाहींत. आपल्याकडे दांडीवर काठीनें लुगडें सारलें कीं काम झालें. परंतु कोलोराडो राज्यांतील रॉकी पर्वताच्या गांवीं हिंवाळ्यांत अंगण बर्फाखालीं असतें, आणि बाळाच्या दुपट्यांपासून रजईच्या खोळींपर्यंत सारें कांहीं ड्रायर नांवाच्या यंत्रांत वाळतें. ह्या यंत्राचें एक अंग मात्र गृहिणीच्या दृष्टीआड राहतें. त्याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य वाटतें.

ड्रायर तापलेली हवा फिरत्या पिंपांतील कपड्यांमधून खेळवितो आणि ओलावा घेतलेली ती हवा नळीवाटे घराबाहेर सोडतो. कपड्यांतून सुटणारे तंतू जाळींत अडकतात. ही जाळी प्रत्येक वेळीं झाडावी, हें बहुतेकांस ठाऊक असतें. पण सगळेच तंतू तेथें थांबत नाहींत. उरलेले नळींत शिरून थरावर थर बसतो. पूर्वीं चकमकीची ठिणगी ज्या कापसावर धरीत, त्याचाच हा भाऊ! नळी तुंबली कीं उष्णता आंतच कोंडते. मग आग लागण्यास फारसें निमित्त लागत नाहीं.

सन २००८ ते २०१० ह्या काळावरून अमेरिकेच्या मध्यवर्ती अग्निशमन-खात्यानें केलेला अंदाज असा कीं, राहत्या इमारतींत ड्रायरच्या दरसाल सुमारें २,९०० आगी लागत. त्यांत ५ माणसें दगावत व १०० जखमी होत. सर्वांत मोठें कारण यंत्र स्वच्छ न ठेवणें हें होतें. त्याचा वांटा ३४ टक्के. सर्वाधिक आगी जानेवारींत लागत.

डोंगरांतील घरांस आणखी तीन अडचणी आहेत. लेडव्हिल हें गांव दहा हजार फुटांहून उंच, म्हणजे महाबळेश्वराच्या दुपटीहून अधिक. तेथील विरळ हवेंत पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यास कमी हवा ढकलली जाते. दुसरें, गार माळ्यांतून गेलेल्या नळींत वाफेचें पाणी होतें व ओले तंतू घट्ट चिकटतात. तिसरें, बाहेरचें तोंड बर्फानें बुजतें. यंत्र गॅसवर चालणारें असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु घरांत परततो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें ॲस्पेनजवळ एका घरांत ह्याच वायूनें चौघांचें कुटुंब मृत्यु पावलें. तेथें दोष पाणी तापविण्याच्या बंबाच्या नळीचा होता. परंतु वायु तोच. त्यानंतर २००९ सालीं कोलोराडोनें कायदा करून, इंधन जाळणारें उपकरण असलेल्या ज्या घरांची विक्री होते किंवा जीं भाड्यानें दिलीं जातात, त्यांत धोक्याची घंटा सक्तीची केली.

म्हणून नळी वर्षांतून एकदां, बर्फ पडण्यापूर्वीं, जाणत्या कारागिराकडून साफ करवावी. तो यंत्र पुढें ओढून, लवचिक दांड्यांवरचा ब्रश नळींत फिरवितो, सुटलेला भुगा शोषून घेतो आणि बाहेरची झडप मोकळी करतो. छपरावर चढणें व गॅसची जोडणी हलविणें हीं कामें घरच्या माणसांनीं हौसेनें करूं नयेत. नळी कठीण पत्र्याची व चार इंच व्यासाची असावी; प्लॅस्टिकची नसावी. तेथील नमुना बांधकाम-नियमांप्रमाणें, यंत्राच्या कारखान्यानें निराळें सांगितलें नसेल तर, तिची लांबी ३५ फुटांपर्यंतच चालते, आणि प्रत्येक काटकोनी वळणास साधारणतः ५ फूट वजा धरतात. बाहेरच्या तोंडास जाळी बसवूं नये. तींत तंतू अडकतात.

एका फेरींत कपडे न वाळणें, यंत्राचा माथा फार तापणें, खोली दमट होणें, जळकट वास येणें, यंत्र चालू असतां बाहेरची झडप न उघडणें, हीं नळी तुंबल्याचीं लक्षणें होत. तीं दिसतांच यंत्र बंद करावें. तें चालू ठेवून कोणीं निजूं नये, बाहेरही जाऊं नये. बाळंतिणीच्या घरीं तें दिवसांतून अनेकदां फिरतें. तेथें तर ही दक्षता दुप्पट हवी.

येत्या खेपेस मुलांशीं बोलतांना नातवंडांच्या खुशालीबरोबर एवढेंही विचारावें : ड्रायरची नळी शेवटची केव्हां साफ केली? उत्तरास वेळ लागला, तर कारागिरास बोलावण्याची वेळ झाली असें समजावें.