कामा इन्स्टिट्यूटच्या विश्वस्तांना परळीहून खुले पत्र

मा. विश्वस्त मंडळ,
के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट,
फोर्ट, मुंबई यांस,



परळी वैजनाथ म्हटलं की लोकांना ज्योतिर्लिंग आठवतं, नाहीतर औष्णिक वीज केंद्र. झरतुष्ट्री धर्म आणि इराणच्या अभ्यासासाठी १९१६ साली उभ्या राहिलेल्या तुमच्या ग्रंथालयाशी या गावाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. काम आहे, आणि ते फारसीचं आहे.

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १८८०च्या दशकात उर्दू येईपर्यंत तिथला दरबारी कारभार फारसीत चाले. त्याआधी मोगलांचाही तसाच. म्हणून मराठवाड्यात देशमुख, इनामदार, काझी यांच्या घरच्या फडताळांत, मठांत आणि दर्ग्यांत फारसी कागद अजून सापडतात. असा एखादा कागद उलगडून बघा. माथ्याजवळ काळी मोहर, तिच्यात हिजरी सन. खाली शिकस्ता वळणाच्या भरभर ओढलेल्या ओळी. नुक्ते बरेचसे गाळलेले, सुटी राहायची ती अक्षरंही एकमेकांत अडकवलेली. रकमा सियाक पद्धतीच्या वेटोळ्यांत. उर्दू उत्तम येणारा माणूसही इथे हात टेकतो. जमिनीचा वाद निघाला की या कागदाला भाव येतो, एरवी वाळवी लागते.

निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी हैदराबादची सरकारी नोकरी सांभाळून फारसी साधनं वाचली, औरंगजेबाच्या काळातल्या भीमसेन सक्सेनाच्या आठवणी मराठीत आणल्या. त्यांच्याही आधी, १९२५ साली, माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता. आज मराठवाड्यात इतिहास शिकणाऱ्या मुलाला मोडी शिकायला वर्ग सापडतो. शिकस्ता शिकायची तर कुठे जायचं, हे त्याला सांगता येत नाही.

तुमच्याकडे यावं असं वाटतं, त्याला कारण आहे. मराठी वाचक खरशेदजी कामांना ओळखतो तो बहुधा मादाम कामांचे सासरे म्हणून. पण या गृहस्थाने युरोपात जाऊन झरतुष्ट्री धर्मग्रंथांची भाषा अवेस्ता नव्या शास्त्रीय पद्धतीने शिकून घेतली आणि मुंबईत परतल्यावर स्वतः वर्ग घेऊन तरुण पारशी अभ्यासकांची पिढी घडवली. त्यांच्या नावाच्या संस्थेकडे शिकवण्या मागणं अवाजवी नव्हे.

दुसरं कारण तुमच्याच कपाटांत आहे. १४७८ साली भरूचचा नरिमान होशंग धर्मातल्या शंकांची उत्तरं घेऊन इराणहून परतला. तिथून पुढे जवळपास तीनशे वर्षं गुजरातचे पारशी प्रश्न लिहून पाठवत राहिले आणि इराणचे दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, उत्तरं देत राहिले. याच रिवायती, आणि त्याही मुख्यतः फारसीत. शेवटची इथोतेर रिवायत म्हणजे ७८ प्रश्नांची उत्तरं, १७७३ सालची. ते प्रश्न घेऊन पारशी धर्मगुरू मुल्ला काऊस इराणला गेले तेव्हा सोबत त्यांचा लहान मुलगा होता. तोच पुढे मुल्ला फिरोज झाला, आणि त्याचा ग्रंथसंग्रह आज तुमच्या छत्राखाली आहे. आपल्याला जे वाचता येत नाही ते जाणत्याला विचारायचं, यात तुमच्या पूर्वजांनी कमीपणा मानला नाही. आम्हीही मानत नाही.

मागणं तीन गोष्टींचं. तुमच्या फारसी हस्तलिखितांत दख्खनसंबंधी जे असेल त्याची ओळख मराठीत छापा. एडवर्ड रेहात्सेकने मुल्ला फिरोज संग्रहाची इंग्रजी सूची १८७३ सालीच केली होती, तेव्हा पाया तयार आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठाला बरोबर घेऊन दरवर्षी शिकस्ता आणि सियाक वाचनाचं एक शिबिर मराठवाड्यात घ्या. आणि घरोघरच्या कागदांची छायाचित्रं घेऊन, मूळ कागद मालकाकडेच ठेवून, एक नक्कल आपल्या संग्रही जपा. कागद हातचा जाईल या भीतीने लोक तो दाखवत नाहीत. मूळ प्रत घरीच राहणार म्हटलं तर दाखवतील.

शिबिर परळीत घ्यायचं ठरलं तर जागा, जेवण आणि मुक्काम आम्ही गावकरी बघू. रेल्वे दारात आहे. शिकवणारा माणूस तेवढा तुम्ही पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
परळी वैजनाथचा एक वाचक