खानदेशाला हवेत लोकारोग्याचे अभ्यासक

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही की विद्यार्थ्याचा आरोग्यक्षेत्राशी संबंध संपला, अशी जी समजूत जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षित कुटुंबांत रूढ आहे, ती त्या विद्यार्थ्याइतकीच या मुलखाचीही हानी करणारी आहे. समोर आलेल्या रोग्यावर उपचार करणे हे वैद्याचे कर्तव्य होय. परंतु अमुक पाड्यात, अमुक ऋतूत, अमुक काम करणाऱ्या माणसांनाच रोग का गाठतो, याचा शोध घेऊन त्याच्या निवारणाची तजवीज करणे, हे सार्वजनिक आरोग्य नावाच्या स्वतंत्र शास्त्राचे कार्य आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी वैद्यकेतर पदवीधरालाही त्यात पदव्युत्तर पदवी घेता येते.

या शास्त्राची निकड सातपुड्याच्या पायथ्याशी स्पष्ट दिसते. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. माता आणि पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो जडण्याचा संभव चारांत एक असतो. आणि वाहकाला स्वतःला बहुधा कसलाच त्रास नसल्याने तो त्या कारणासाठी दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याला शोधायचे तर पाड्यावर जाऊन रक्त तपासावे लागते, विवाहापूर्वी उभय कुटुंबांशी त्यांच्या बोलीत बोलावे लागते आणि वर्षानुवर्षे नोंदवही राखावी लागते. वैशाखात केळीच्या बागेत राबणारा मजूर कोणत्या प्रहरी कोसळतो, आणि रात्री पत्र्याच्या घरात त्याच्या शरीराला विसावा मिळतो की नाही, हेही रुग्णालयाच्या दप्तरावरून पुरते उमगत नाही.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ही विद्या संपादून १९७० साली जामखेडला कार्य आरंभिले. त्याच विद्यापीठातून परतलेल्या अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्याच स्त्रियांना घरोघर नवजात बालकांची देखभाल करण्यास शिकविले, आणि तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे चौघेही डॉक्टर होते हे खरे. तथापि प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू मोजण्याची शिस्त आणि गावकऱ्यांवरील विश्वास, ही जी त्यांच्या यशाची मर्मस्थाने, ती संख्याशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या पदवीधरालाही आत्मसात करता येतात.

या पदवीने पोट भरेल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, कारण या क्षेत्रातील पुष्कळशा नेमणुका आजही कंत्राटी आहेत. प्रत्येक राज्याने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सुचविले होते. त्या सूचनेस अनुसरून तालुकावार कायम पदांची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आणि जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांनी एकत्र येऊन असे अध्यापन करावे, की ज्यात विद्यार्थ्याचा प्रबंध याच दोन जिल्ह्यांतील एखाद्या गावाच्या आरोग्यावर असेल. अहिराणी किंवा पावरी ज्याची मातृभाषा आहे, त्या तरुणाला पाड्यावरची माता जे सांगेल ते परक्या अधिकाऱ्याला सहसा सांगणार नाही. त्या तरुणाला ही विद्या आणि तिच्या जोडीला स्थिर वेतन मिळवून देणे, यापरते खानदेशाच्या आरोग्याचे मोठे हित आज दुसरे नाही.