गोवर गेला, पण विषाणू गेला का?

गोवर निघाला की आपल्याकडे अजूनही म्हणतात, ‘निघू द्या, आठ दिवसांत जातो.’ बहुतेक लेकरांचा जातोही. पण एखाद्याचे पुरळ जाते, ताप जातो आणि विषाणू मेंदूत मुक्काम ठोकतो. तिथे तो रूप बदलतो. पेशीबाहेर न पडता एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत राहतो, म्हणून रक्तात गोवराविरुद्धची ताकद भरपूर असूनही तो संपत नाही. वरून मूल धडधाकट, शाळेत जाणारे. साधारण सात ते दहा वर्षांनी ते अभ्यासात मागे पडते, विसरते, चिडते, मग अंगाला झटके बसून चालता चालता पडते. डॉक्टर याला एसएसपीई म्हणतात. हा आजार बरा करणारे औषध अजून नाही. बहुतेक मुले काही वर्षांत दगावतात.

आजार विरळ आहे, पण तान्ह्या वयात गोवर झाला तर धोका जास्त. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात वर्षाच्या आत गोवर झालेल्या सुमारे ६०० बाळांमागे एकाला तो झाला. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला, लेकरे गेली. वाचलेल्यांपैकी एखाद्याचा धोका अजून टळलेला नसेल.

लसीनेच मेंदू बिघडतो अशी कुजबुज कानावर येते. ती खोटी आहे. या रुग्णांच्या मेंदूत सापडतो तो आजारातल्या गोवराचा विषाणू, लसीतला नव्हे.

पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, तो बहुतेक घरी आठवतो. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा राहतो. तोवर आई कापूस वेचायला किंवा वीटभट्टीवर गेलेली असते, कार्ड माहेरी राहिलेले असते. यात आईलाच बोल लावणे आम्हाला पटत नाही. मजुरी बुडवून कोण रांगेत उभे राहील? वर्धा, पुलगाव, हिंगणघाटच्या वस्त्यांत रविवारी वंदनेला घरोघरचे लोक विहारात जमतात. लसीकरण तिथेच, त्याच दिवशी का नको? महिला मंडळाने आशाताईंकडून राहिलेल्या मुलांची यादी घ्यावी आणि आरोग्य केंद्राला तसा अर्ज द्यावा. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळतो.

आणि झटके येणाऱ्या मुलाला बाहेरचे लागले म्हणून कुणा बाबाकडे नेण्यात दिवस घालवू नका. सेवाग्राम, सावंगी जवळच आहे. तिथे डॉक्टरांना मुलाला गोवर कितव्या महिन्यात निघाला होता, तेही आठवून सांगा.