संत्रा, डिंक्या आणि गृहस्थाची यतना

संत्र्याच्या किंवा लिंबाच्या पानांवर काजळी चढली की नागपुरात बहुतेक घरी पहिला प्रश्न येतो तो ‘कोणते औषध फवारायचे?’ हा. औषध हा सौम्य शब्द. बाटलीत असते ते विष. अहिंसाणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाने ती उघडण्यापूर्वी झाडाला नेमके काय झाले आहे ते पाहावे. खाते थकले की आधी कारण शोधावे, मग नोटीस काढावी, हा बँकेतील जुना पाठ येथेही उपयोगी पडतो.

या काजळीला विदर्भात कोळशी म्हणतात. ओल्या फडक्याने ती पुसली जाते, कारण ही बुरशी पानात शिरतच नाही. पान उलटले की मूळ सापडते. काळ्या माशीची चपटी, चमकदार पिल्ले तेथे रस शोषत चिकटलेली असतात आणि त्यांच्या गोड स्रावावर बुरशी पोसते. दाट फांद्या आणि युरियाने आलेली लुसलुशीत पालवी या माशीला मानवते. म्हणून फांद्या विरळ करून ऊन आत येऊ द्यावे, युरिया थांबवावा. निंबोळी तेलही जीव घेतेच. झाडापासून निघते म्हणून ते निर्दोष ठरत नाही.

कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर ती लिंबावरील फुलपाखराची लहान अळी असू शकते. मोठे झाड तिचे खाणे सहज सोसते. रोप लहान असल्यास तिला पानासकट उचलून थोरल्या लिंबावर किंवा बेलावर ठेवावे.

अंगणातील संत्रा हकनाक मरतो तो मात्र डिंक्याने, आणि त्यात कीटकाचा दोष नसतो. फायटोफ्थोरा नावाचा जमिनीतील बुरशीसदृश जीव बुंध्याची साल कुजवतो. साल उभी तडकून डिंक ओघळतो, पाने शिरांपासून पिवळी पडतात. त्याला हवे असते बुंध्याशी साचलेले पाणी, आणि ते आपणच पुरवतो. आपली काळी माती मुळातच पाणी धरून ठेवणारी. त्यावर आपण अंगणभर फरशी बसवतो, उन्हाळाभर कूलरच्या पाण्याची नळी झाडात सोडतो आणि आळ्यात माती ओतून कलमाचा जोडही पुरून टाकतो. नळी हलवावी, जोड उघडा करावा. बुंध्याभोवती एक आणि फांद्यांच्या घेराखाली दुसरे, असे दुहेरी आळे करून पाणी दोहोंच्या मधे द्यावे.

कुजलेली साल खरवडून बोर्डो मलम लावावे. घरापुरते 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून 1 लिटर पाण्यात एकत्र करावे. त्यात लखलखीत लोखंडी पाते बुडवून पाहावे; तांबूस झाले तर चुना कमी आहे. बुंध्याला जमिनीपासून सुमारे 3 फुटांपर्यंत लेप द्यावा, एकदा चातुर्मासापूर्वी आणि एकदा पाऊस सरल्यावर. यातही एकेंद्रियांची हिंसा आहेच. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी टाळता येते.

नवे रोप लावायचे झाल्यास अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत चौकशी करावी. खुंट रंगपूर लिंबाचा आहे का, हे आवर्जून विचारावे. जंबेरीपेक्षा तो डिंक्याला अधिक तोंड देतो.