गुरूंच्या पश्चात नृत्यशाळांचे काय?

पुणे : पॅरिस ऑपेराच्या बॅले नर्तकांना वयाच्या ४२व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. मात्र त्यांना निवृत्तिवेतन मिळते आणि ऑपेराची शाळा कोणा एका नर्तकावर अवलंबून नसते. पुण्यातील शास्त्रीय नृत्यात निवृत्तीचे वय नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. कार्यक्रम विरळ झाले, की वर्ग हाच कलावंताचा आधार ठरतो.

रोहिणी भाटे यांनी अर्थातच उतारवयाची वाट पाहिली नाही. १९४७ मध्ये, विशीच्या सुरुवातीलाच, त्यांनी ‘नृत्यभारती’ स्थापन केली. मध्यमवर्गीय घरांतील मुलींनी पायांत घुंगरू बांधणे तेव्हा सहज स्वीकारले जात नव्हते. लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून मिळालेली विद्या त्यांनी अशा घरांपर्यंत नेली. शिष्या व स्नुषा शमा भाटे यांनी पुढे ‘नादरूप’ उभारली. भरतनाट्यमात सुचेता भिडे-चापेकर यांनी हिंदुस्थानी संगीताधारित ‘नृत्यगंगा’ सिद्ध केली.

२००८ मध्ये रोहिणीताईंचे निधन झाले, तरी शिष्यांनी ‘नृत्यभारती’ चालू ठेवली. हे भाग्य प्रत्येक वर्गाच्या वाट्याला येईलच असे नाही. भाड्याचे सभागृह, गुरूंचे नाव आणि मासिक शुल्क एवढ्याच भांडवलावर चालणाऱ्या वर्गाला वारस मिळणे कठीण. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात. पण गुणांपुरता आलेला विद्यार्थी परीक्षेनंतर कितपत टिकणार? विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी मिळते. मात्र त्या पदवीधरांनाही अखेर स्वतःचाच वर्ग काढावा लागतो.